माहितीपत्रक नाही, तर बिल नाही

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या ग्रामपंचायतींत टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पोती येऊन पडतात. जलसुरक्षक ती पावडर बादलीत कालवतो, वरची निवळी टाकीत किंवा विहिरीत ओततो आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. रंग तक्त्याशी ताडायचा, लिटरला ०.२ मिलिग्रॅम भरला की नोंद करायची, नळी झटकून ठेवून द्यायची. गावात गॅस्ट्रोची साथ येऊ नये म्हणून चाललेले हे काम फार मोलाचे आहे. पण ती बाटली ज्याच्या हातात असते, त्याला तिच्यात काय आहे हे सहसा कोणी सांगितलेले नसते. ऑर्थोटोलिडीन हे बेंझिडीनच्या कुळातले रसायन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘२ ब’ गटात टाकले आहे, म्हणजे माणसाला त्यापासून कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. अनेक देशांनी ही चाचणी सोडून गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी स्वीकारली. चार थेंबांनी उद्या कोणाला काही होणार नाही हे खरे. तरी वर्षानुवर्षे बोटांवर सांडणारे हे द्रावण लगेच धुवायचे असते आणि नळीतले पाणी पुन्हा टाकीत ओतायचे नसते, एवढे तरी त्या माणसाला कळायला हवे की नाही?

अशा बाटल्या, पोती, कॅन आणि सिलिंडर सार्वजनिक सेवेत जागोजागी आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या शवविच्छेदन कक्षात, झेडपी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, पालिकेच्या हिवताप विभागाच्या गोदामात, एसटीच्या आगारात, मैलापाणी उपसणाऱ्या पंपाच्या खोलीत. ती हाताळणारी माणसे बहुधा वर्ग तीन आणि चारची, नाहीतर कंत्राटी. त्यांना त्या मालाची माहिती लेखी, मराठीत आणि कामाला हात घालण्याआधी मिळाली पाहिजे, आणि ती मिळणे हा कायद्याने बजावता येणारा हक्क असला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. कारखान्यातल्या कामगाराला हा हक्क निदान कागदावर आहे. सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांपैकी फार मोठ्या वर्गाला तो कागदावरही नाही.

कारखान्यातल्या कामगाराला तो कसा मिळाला, हे आठवणे जरूर आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा शहरात त्याचे नावही मोजक्यांनाच ठाऊक होते. हमीदिया हे सरकारी रुग्णालय. तिथे हजारो माणसे डोळे चोळत, धापा टाकत आली आणि उपचार नेमके कोणत्या विषावर करायचे, हेच डॉक्टरांना कळेना. कारखान्यापासून जवळच असलेल्या रेल्वे स्थानकावर कर्मचारी जागा न सोडता थांबले, येणाऱ्या गाड्या अलीकडेच रोखण्यासाठी धडपडले. स्टेशन अधीक्षकांसह त्यांतले अनेक जण दगावले. डॉक्टर, परिचारिका, रेल्वेचे लोक, पोलीस, सगळे सार्वजनिक सेवेतले. ओले फडके तोंडावर धरा, वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला पळू नका, एवढे आधी माहीत असते तरी कितीतरी जीव वाचले असते. भोपाळचा विचार आपण कंपनीचा निष्काळजीपणा आणि वस्तीतल्या लोकांचा संहार असा करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री अंधारात ठेवले गेलेल्यांत सरकारची स्वतःची माणसे होती, ही गोष्ट आपल्या चर्चेतून जवळजवळ गळून गेली आहे.

त्यानंतर १९८७ मध्ये संसदेने १९४८ च्या कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे नवे प्रकरण घातले. कलम ४१-बी म्हणत होते की अशा कारखान्याच्या भोगवटादाराने, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याने, धोक्यांची, आरोग्यावरच्या परिणामांची आणि बचावाच्या उपायांची सगळी माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला दिली पाहिजे. कलम १११-अ ने कामगाराला आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क दिला. १९८९ मध्ये पर्यावरण कायद्याखाली घातक रसायनांचे नियम आले आणि सुरक्षा माहितीपत्रक, डब्यावरचे लेबल या गोष्टी बंधनकारक झाल्या. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी रसायनांचे टँकरही या शिस्तीत आणले. आज मुंबई-पुणे महामार्गावर टँकरच्या मागच्या बाजूला जी चौकट दिसते, तिच्यात रसायनाचे नाव, त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक, आग लागल्यास काय करावे याचा संकेत आणि आपत्कालीन दूरध्वनी असतो. चालकाला त्या मालाविषयी लेखी सूचना द्याव्या लागतात. शेजारून जाणाऱ्या मोटारीतल्या अनोळखी माणसालाही एवढी माहिती मिळावी, असे कायद्याला वाटते. मग शवागाराच्या कोपऱ्यात तीस लिटरच्या कॅनमधून फॉर्मॅलिन ओतणाऱ्या कर्मचाऱ्याला ती का मिळू नये?

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कारखाने अधिनियमाच्या कलम ११६ नुसार तो कायदा केंद्र आणि राज्य सरकारांच्या कारखान्यांनाही लागू होता. पाणी किंवा मैलापाणी पंपाने उपसणे हीसुद्धा त्यात ‘उत्पादन प्रक्रिया’ धरली होती. त्यामुळे मोठे जलशुद्धीकरण केंद्र किंवा सरकारी मुद्रणालय कायद्याच्या कक्षेत येऊ शकत होते. पण गावातल्या पंपघरात एकच माणूस असतो. रुग्णालय हा कारखाना नव्हे, शाळेची प्रयोगशाळा नव्हे, अभिलेखागार नव्हे, रस्त्यावरून धूर फवारत जाणारे पथकही नव्हे. म्हणजे कायद्याची मर्यादा रसायनाच्या घातकपणावर ठरत नव्हती. इमारतीला काय म्हणतात आणि आत किती माणसे काम करतात, यावर ती ठरत होती.

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही त्यांतली एक. कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षेची माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क तिने कारखान्यापलीकडच्या कर्मचाऱ्यांनाही दिला, हे चांगलेच झाले. धोकादायक काम चालत असेल तर एका कामगाराच्या आस्थापनेलाही ती लागू करण्याची मुभा आहे. पण अगदी पहिल्याच कलमात म्हटले आहे की ही संहिता केंद्र सरकारच्या कार्यालयांना आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू होणार नाही. अपवाद एकच: त्या कार्यालयात ठेकेदारामार्फत आलेले कंत्राटी कामगार. परिणामी एकाच सरकारी इमारतीत, एकाच मजल्यावर ॲसिडची बाटली हाताळणाऱ्या दोघांपैकी कंत्राटी सफाई कामगाराला कायद्याचा आधार आहे आणि कायम शिपायाला नाही. कंत्राटी कामगाराचे संरक्षण वाढले याचा मला आनंद आहे, पण प्रत्यक्षात त्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर असते, त्यामुळे प्रश्न विचारायला तो धजत नाही. ज्याची नोकरी पक्की आहे आणि जो विचारू शकेल, त्याला कायदा बोलू देत नाही.

या वगळण्यामागे काय कारण असेल? कार्यालय म्हटले की खुर्ची, टेबल आणि फायली, तिथे कसला धोका, अशी समजूत असावी. ही समजूत सार्वजनिक सेवेचा खरा चेहरा न पाहता झाली आहे. सरकारी कामातला मोठा भाग फायलींचा नाहीच. तो पाण्याचा, मैल्याचा, औषधांचा, डासांचा, प्रेतांचा आणि आगीचा आहे.

रुग्णालयाकडेच पाहू. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात देह टिकवण्यासाठी आणि विकृतिशास्त्र विभागात ऊतींचे नमुने जपण्यासाठी फॉर्मॅलिन लागते. त्यातला फॉर्माल्डिहाइड २००४ मध्ये ‘माणसाला कर्करोग घडवणारा’ या पहिल्या गटात गेला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतून पहिल्या आठवड्यात पाणी येते, मग सवय होते, आणि वर्षभरात ते पुढच्या वर्गात जातात. पण त्या हॉलमधला परिचर पुढे कुठेच जात नाही. टाक्या भरणे, देह काढणे, टेबले धुणे हे काम तो पंचवीस-तीस वर्षे करतो. विषाची मात्रा हवेत किती आहे एवढ्यावर ठरत नाही, माणूस त्यात किती काळ आहे यावरही ठरते. म्हणजे त्या खोलीत सर्वांत जास्त धोका ज्याला, त्यालाच सर्वांत कमी माहिती. प्राध्यापकांना फॉर्माल्डिहाइड म्हणजे काय ते पाठ असते, विद्यार्थी परीक्षेत त्यावर उत्तर लिहितात, आणि ‘मामा’ला फक्त ‘वास उग्र आहे’ एवढे ठाऊक असते.

शस्त्रक्रियागृहाजवळ दुर्बिणी आणि उपकरणे निर्जंतुक करायला ग्लुटाराल्डिहाइडचे ट्रे भरलेले असतात. त्याच्या वाफांनी दमा जडतो. उष्णतेने बिघडणारे साहित्य इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केले जाते आणि हा वायूही कर्करोगाच्या पहिल्याच गटातला आहे. केमोथेरपीची औषधे मिसळणाऱ्या सिस्टर आणि त्या रुग्णाची चादर, भांडे उचलणाऱ्या मावशी यांच्या त्वचेवर ती औषधे लागू शकतात. रक्तदाबाचे जुने उपकरण फुटले की पाऱ्याचे मणी फरशीभर पसरतात. ते झाडूने गोळा करू नयेत, झाडूने ते आणखी बारीक होतात आणि वाफ वाढते. खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने मणी एकत्र करावेत, बंद बाटलीत ठेवावेत. पारा कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. पण जुनी उपकरणे कपाटात आहेत तोपर्यंत हे चार-पाच शब्द त्या वॉर्डातल्या मावशींपर्यंत पोहोचवायला कोणता कोटींचा निधी लागतो?

सर्वांत साधे उदाहरण शौचालयाचे. सरकारी इमारतीत शौचालये घासायला ॲसिड येते आणि दुर्गंधीसाठी ब्लीचिंग पावडर येते. दोन्ही एकदम टाकले तर जास्त स्वच्छ होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे खंदकांवर सोडला तोच वायू. बंद, खिडकी नसलेल्या शौचालयात फुप्फुसाला इजा व्हायला तो थोडासाही पुरतो. ‘ॲसिड आणि पावडर कधीही एकत्र नको’ हे वाक्य भिंतीवर लिहायला रंगाचा एक डबा लागतो. किती सरकारी इमारतींत तुम्ही ते वाक्य पाहिले आहे?

मग मैलापाणी. गटारात सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. सुरुवातीला त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो आणि सगळ्यांना वाटते की वास हीच सूचना. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा होतो आणि खाली उतरलेल्या माणसाला वाटते, गॅस निघून गेला. पाचशे-सातशे भागांवर माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजारावर जवळजवळ तत्क्षणी. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. मॅनहोलमधल्या मृत्यूंच्या बातम्यांत एकाहून अधिक मृतदेह का असतात, याचे उत्तर या एका गुणधर्मात आहे. माणसाला गटारात उतरवणेच हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अत्यंत मर्यादित केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये ठरवली. उतरवूच नये, हाच खरा उपाय आहे. पण झाकण उघडणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, काठावर उभ्या राहणाऱ्या माणसालाही ‘वास गेला म्हणजे धोका वाढला’ हे ठाऊक असणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. भरपाईचा आकडा सगळ्यांना माहीत आणि वायूचा गुणधर्म कोणालाच नाही, ही अवस्था कोणत्याही पालिकेला शोभत नाही.

माहिती लिहून ठेवलेली नसली की ती माणसाबरोबर निवृत्त होते. २०१० साली देशात याची दोन ठळक उदाहरणे घडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले एक गामा किरणोत्सर्जक यंत्र वर्षानुवर्षे वापराविना पडून होते. ते भंगारात लिलावाने विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, एकाचा जीव गेला आणि आणखी काहींना किरणोत्सर्गाची बाधा झाली. त्याच वर्षी १४ जुलैला मुंबईत शिवडीजवळच्या हाजी बंदरात पोर्ट ट्रस्टच्या आवारात अनेक वर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरांपैकी एकातून क्लोरीन गळू लागला. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला, त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. दोन्ही ठिकाणी वस्तू सरकारी वा सार्वजनिक आवारात होती. ती आली तेव्हा ती काय आहे हे कोणाला तरी नक्की माहीत होते. ती माणसे गेली, कपाटे हलली, आणि उरली फक्त ‘जुने लोखंडी सामान’ अशी ओळख. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत लेबल उडालेल्या बाटल्या आजही आहेत आणि त्या झाडझूड करताना कोणाच्या तरी हाती लागणार आहेत.

अग्निशमन जवानांची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण ते दुसऱ्याच्या जागेतल्या रसायनांना सामोरे जातात. चीनमध्ये तिआनजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी गोदामाला आग लागली. आत काय साठवले आहे याची खात्रीची माहिती जवानांना नव्हती. पाठोपाठ प्रचंड स्फोट झाले. १६५ मृतांत ९९ अग्निशमन जवान होते. आपल्याकडे डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि २३ मे २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा प्रथम पोहोचले ते हेच लोक. २०२२ मध्ये अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगाच्या पहिल्या गटात टाकला गेला. कारखान्यात काय साठवले आहे याची यादी स्थानिक संस्थेला देणे बंधनकारक आहे. पण ती यादी पालिकेच्या कोणत्या कपाटात जाते आणि वर्दीवर निघालेल्या गाडीतल्या जवानापर्यंत ती पोहोचते का? सार्वजनिक सेवेतल्या माणसाचा माहितीचा हक्क इथे प्रत्यक्ष रहिवाशांच्या जिवाशी जोडलेला आहे.

या सगळ्यावर काही आक्षेप घेतले जातात. माहिती दिली तर लोक घाबरतील आणि काम नाकारतील, हा पहिला. मला तो पटत नाही. शेतकऱ्याच्या हाती कीटकनाशकाचा डबा येतो, त्यावर कायद्याने लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि सोबत प्रादेशिक भाषेतले पत्रक द्यावे लागते. त्या त्रिकोणामुळे कोणी शेती सोडली नाही. यवतमाळमध्ये २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, तिथे माहिती जास्त झाली अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आणि समजा माहिती कळल्यावर एखाद्याने हातमोज्यांशिवाय काम करायला नकार दिला, तर त्याने नेमके योग्य तेच केले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. माहितीचा कागद हातात दिला की वरिष्ठ मोकळे होतात. उद्या अपघात झाला तर ‘सही घेतली होती, सांगितले होते’ म्हणून सारा दोष कर्मचाऱ्यावर ढकलता येतो. ही भीती खरी आहे आणि खासगी क्षेत्रात हे होतेही. घातक रसायनाच्या जागी कमी घातक आणणे, हवा खेळती ठेवणे, यंत्र वापरणे ही कामे मालकाची आहेत आणि ती कागदाने होत नाहीत. पण मला असे दिसते की ही कामे करून घेण्यासाठीही आधी माहितीच लागते. ऑर्थोटोलिडीन काय आहे हे जलसुरक्षकांना कळले, तरच त्यांची संघटना डीपीडीचे किट मागेल. फॉर्माल्डिहाइड किती प्रमाणात चालतो हे परिचराला कळले, तरच ‘हॉलमधली हवा मोजा’ असे तो म्हणू शकेल. अज्ञानात ठेवलेल्या माणसाला मागणी कशाची करावी हेच सुचत नाही. म्हणून माहितीबरोबर तातडीचा धोका दिसल्यास काम थांबवण्याचा हक्क आणि त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई होणार नाही अशी लेखी हमी, या दोन गोष्टी जोडून यायला हव्यात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खाली वृत्तपत्राकडे जाणे किंवा शासनावर टीका करणे अंगाशी येऊ शकते. आपल्या टेबलावरच्या बाटलीत काय आहे हे विचारणे त्या नियमांच्या कचाट्यात कधीच येणार नाही, हे शासनाने स्पष्ट म्हटले पाहिजे. आज स्थिती अशी आहे की तीच बाटली कोणत्या दराने घेतली, हे बाहेरचा कोणीही नागरिक माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारू शकतो, आणि आतला कर्मचारी ‘साहेब, हे काय आहे?’ असे विचारताना दहा वेळा विचार करतो.

हे अशक्य नाही, कारण दुसरीकडे झाले आहे. अमेरिकेतही हाच खड्डा होता. १९७० च्या सुरक्षा कायद्याने ‘मालक’ या व्याख्येतून राज्ये आणि स्थानिक संस्था वगळल्या. १९८३ मध्ये रसायनांच्या धोक्याची माहिती कामगारांना देण्याचा केंद्रीय नियम आला, तो आधी उत्पादन उद्योगांपुरता आणि १९८७ मध्ये इतरांपर्यंत वाढला. अनेक राज्यांचे शिक्षक, सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचे लोक तरीही बाहेरच राहिले. मग काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले. न्यू जर्सीच्या १९८३ च्या कायद्यात सार्वजनिक संस्थांनी आपल्याकडच्या घातक पदार्थांची यादी भरून द्यायची आणि डब्यांवर लेबले लावायची, अशी तरतूद आहे. टेक्ससचा धोका-माहिती कायदा तर सार्वजनिक मालकांसाठीच आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये सुरक्षा कार्यक्रमाचा आदेश काढला होता. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, राज्याराज्यांत फरक आहेत. पण वगळलेल्या माणसाला आत आणण्यासाठी केंद्राची वाट पाहावी लागत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

महाराष्ट्राने काय करावे? कायदा व्हायला वेळ लागेल. शासन निर्णय निघायला तेवढा लागणार नाही, आणि सरकारी यंत्रणेत एक जागा अशी आहे जिथून प्रत्येक रसायनाला जावेच लागते, ती म्हणजे खरेदी. टीसीएल असो, फॉर्मॅलिन असो, तणनाशक असो, की फरशी पुसायचे द्रावण असो, ते निविदेतून किंवा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून येते, साठा नोंदवहीत चढते आणि मग पुरवठादाराचे बिल मंजूर होते. त्या बिलाला एक अट घालावी: सुरक्षा माहितीपत्रक आणि त्यासोबत एका पानाचा मराठी गोषवारा जोडलेला नसेल, तर देयक मंजूर होणार नाही. पुरवठादारांकडे इंग्रजी माहितीपत्रक बहुतेक वेळा तयारच असते. मराठी गोषवारा आरोग्य विभाग आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालय यांनी मिळून नेहमीच्या रसायनांसाठी एकदाच करून द्यावा. मराठी ही राज्याची राजभाषा आहे, राज्याचे पत्रव्यवहार मराठीत होतात, मग जिवाशी संबंधित सूचना इंग्रजीतच का राहाव्यात? त्या पानावर पदार्थाचे नाव, तो कशाबरोबर मिसळू नये, अंगावर, डोळ्यांत किंवा श्वासात गेला तर पहिली पाच मिनिटे काय करायचे, कोणता हातमोजा आणि कोणता मुखवटा, उरलेला कुठे टाकायचा, एवढेच हवे. हातमोज्याचा प्रकार मुद्दाम लिहायचा, कारण रुग्णालयातला पातळ तपासणीचा हातमोजा प्रत्येक रसायनाला पुरत नाही आणि कापडी मास्क कोणताही वायू थांबवत नाही. साठा नोंदवहीत ‘घातक: होय/नाही’ असा एक रकाना वाढवला की जुनी, बेवारस बाटली लेखापरीक्षणात आपोआप वर येईल. ज्या यंत्रणेला एक खुर्ची हरवली तरी उत्तर द्यावे लागते, तिला हे जड नाही.

आणखी एक गोष्ट सेवापुस्तकाची. त्यात रजा असते, वेतनवाढ असते, बदली असते. कर्मचारी किती वर्षे कोणत्या रसायनाच्या सान्निध्यात होता, हे त्यात कुठेच नसते. फुप्फुसाचे आणि रक्ताचे काही आजार वीस-तीस वर्षांनी, म्हणजे बहुधा निवृत्तीनंतर दिसतात. अशा वेळी डॉक्टरला काय सांगायचे हे त्या माणसाकडे नसते आणि आजार कामातून आला हे सिद्ध करायलाही त्याच्याकडे काही नसते. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायला सांगितले. तेच तत्त्व शवागारातल्या परिचराला आणि फवारणी पथकातल्या माणसाला लागू करण्यात अडचण कोणती? सेवापुस्तकात एक पान वाढवावे. कंत्राटी माणसाला सेवापुस्तक नसते, त्याच्यासाठी ते पान विभागाने स्वतःकडे ठेवावे आणि त्याची प्रत त्याच्या हातात द्यावी. ठेकेदार दरवर्षी बदलतो, रसायन बदलत नाही.

संघटनांनाही माझे काही सांगणे आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. पेन्शनची मागणी न्याय्य आहे की नाही यावर मतभेद असू शकतात, पण ती लावून धरण्याची ताकद संघटनांकडे आहे हे सगळ्यांनी पाहिले. पेन्शन घ्यायला माणूस धडधाकट उरला पाहिजे. महागाई भत्ता, रिक्त पदे, पदोन्नती यांच्यासोबत पुढच्या मागणीपत्रात आणखी एक कलम घालावे, आणि ते साध्या शब्दांत असावे: खात्यात येणाऱ्या प्रत्येक रसायनाची मराठीत लेखी माहिती कामाआधी मिळावी, ती मिळेपर्यंत काम थांबवले तर कारवाई होऊ नये, संपर्काची नोंद सेवापुस्तकात व्हावी, आणि हे कायम, रोजंदारी, मानधनी व कंत्राटी अशा सर्वांना लागू असावे.